मास्तरांच्या गळ्यातला सुळा

मित्रांनो, मी एक जुना सुळा आहे. खरं तर आता अर्धाच उरलो आहे, पण ते पुढे येईलच. मी डुकराचा सुळा. नाक मुरडू नका. तुमच्याकडे डुक्कर ही शिवी आहे हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे एखाद्याला "तू अगदी डुकरासारखा आहेस" म्हटलं, तर तो लाजून मान खाली घालतो आणि तुम्हाला जेवायला थांबवून घेतो.

आमचं बेट वानुआतूच्या उत्तरेकडे आहे आणि गावाचं नाव लोलवारा. बंदरातून बोटीने इथे यायचं तर वाटेत समुद्र तुमच्याकडून सकाळचं जेवण परत मागून घेतो, आणि तुम्ही देताही.

ज्या डुकराच्या तोंडात मी उगवलो, त्याला वाटायचं की मी त्याचा आहे. विरालिऊ मुखियाला वाटायचं की डुक्कर त्याचं आहे. मी दोघांनाही कधी दुखवलं नाही, पण खरी गोष्ट अशी की ते दोघे माझे होते. मला वाढवायला ठेवलेले. आमच्या रीतीप्रमाणे डुक्कर लहान असतानाच त्याचे वरचे सुळे पाडतात. मग खालच्या सुळ्याला अडवणारं कुणी राहत नाही. तो वाढत गालाबाहेर येतो, मागे वळतो, आणि वर्षामागून वर्षं माणसाने धीर धरला तर फिरून आपल्याच मुळापाशी येतो, कड्यासारखा. असा पुरा वेढा झाला की त्या डुकराची किंमत माणसापेक्षा थोडीच कमी असते, आणि काही माणसांपेक्षा बरीच जास्त.

माझा जुळा भाऊ, म्हणजे डावा सुळा, कोवळ्या वयात एका नारळाशी भांडायला गेला आणि मोडला. राहिलो मी. मी मात्र असा गोल झालो की पौर्णिमेचा चंद्र आमच्या डोक्यावर आला की जरा थांबायचा आणि आपण कुठे वाकडे तर झालो नाही ना, हे माझ्याकडे बघून ताडून घ्यायचा. खोटं वाटत असेल तर चंद्राला विचारा.

अशा डुकराला माती उकरू देत नाहीत, सुळा दुखावतो. त्याला सावलीत बांधून हाताने भरवतात. लोलवाऱ्यात सर्वांत दाट सावली होती शाळेच्या भिंतीला लागून, नीरफणसाखाली. म्हणून आम्ही तिथे. शाळेचं छप्पर मागच्या वादळाने नेलं होतं आणि नवे पत्रे वरून दगड ठेवून धरले होते, त्यामुळे वर्गातलं सगळं आम्हाला ऐकू येई. माझ्या डुकराला आठापर्यंतचे पाढे येत होते. नवाचा येत नव्हता, कारण नवाच्या पाढ्यापर्यंत एकही मास्तर टिकला नव्हता.

इथे हसू नका, मित्रांनो. हीच तर आमची रड आहे.

लोलवाऱ्यात मास्तर येतात, राहत नाहीत. पाऊस सरला की एक येतो आणि कोनफळं काढायच्या वेळेपर्यंत बोटीची वाट विचारायला लागतो. एकजण पगार आणायला बंदरात गेला आणि पगारासोबत तिथेच राहिला. एकाची दाढ दुखली. दाढ दाखवायला गेला. दाढ बरी झाली असावी, कारण दोघांपैकी कुणीच परत आलं नाही. एकजण तर बोटीतून उतरलाच नाही, वरूनच गाव पाहिलं आणि हात हलवला. सहावीच्या शेवटी सगळ्या बेटांची एक परीक्षा असते. त्यात पास झालेलं मूल पलीकडच्या बेटावरच्या मोठ्या शाळेत राहायला जातं. लोलवाऱ्याचं एकही मूल कधी गेलं नव्हतं. मुलं मठ्ठ होती असं नाही. परीक्षेच्या दिवशी त्यांना पुस्तकाचा पहिला अर्धा भाग तोंडपाठ असे, आणि दुसरा भाग कुणी उघडलेला नसे.

मला भरवायला नेलिता यायची. विरालिऊच्या बहिणीची मुलगी, पाचवी संपवून सहावीत आलेली. शिजवलेला अळूचा कंद हाताने कुस्करून डुकराच्या जिभेवर ठेवायची आणि त्याच्याशी बोलायची. तिचा विचार साधा होता. बाहेरून आलेला मास्तर बाहेर जाणारच. पण लोलवाऱ्याचीच एखादी मुलगी शिकून मास्तरीण झाली, तर ती गाव सोडून कुठे जाईल? तिचं घर इथेच. म्हणून एकदा, एकाने तरी, ती सहावी ओलांडायला हवी. एकदा एकजण पार गेला की मग गावाला मास्तरांसाठी बोटीकडे डोळे लावून बसावं लागणार नाही. हे ती डुकराला सांगायची आणि डुक्कर मान डोलवायचं, कारण खायला मिळत होतं. पण मी ऐकत होतो.

त्या वर्षी काल्तक मास्तर आले. बंदराकडचे, सडसडीत, कानात कापूस घालून बोटीतून उतरलेले. ते नुसते शिकवायचे नाहीत, मुलांना भांडायला लावायचे. पृथ्वी गोल आहे म्हणाले की थांबायचे, आणि कुणी "कशावरून?" असं विचारल्याशिवाय पुढे सरकायचेच नाहीत. वर्गात असा गलका असे की माझ्या डुकराची दुपारची झोप उडाली. मुलं घरी जाऊन आयांना प्रश्न विचारू लागली आणि आया वैतागून मास्तरांना नावं ठेवू लागल्या. नेलिता सर्वांत जास्त बोलायची. तिच्यामागे बसणारा मुलगा म्हणाला होता की हिची जीभ अशीच वाढत गेली तर डुकराच्या सुळ्याला मागे टाकेल.

आणि मग एके दिवशी काल्तक मास्तरांनी आपली चांगली पँट धुवून वाळत घातली. लोलवाऱ्यात सगळ्यांना ह्याचा अर्थ कळतो. संध्याकाळी त्यांनी किनाऱ्यावर एका कोळ्याला सहज विचारावं तसं विचारलं, बोट कधी आहे.

दुसऱ्या दिवशी विरालिऊ नेहमीप्रमाणे मला बोटाने मोजायला आला. हा म्हातारा गेली कित्येक वर्षं मला मोजत होता. आमच्याकडे पुरुष डुकरं मारून एकेक पायरी चढतो, मानाची. विरालिऊची शेवटची पायरी उरली होती. त्याचा बाप त्या पायरीच्या खाली उभा असतानाच मेला. ती चढायला माझ्यासारखाच पुरा वेढा लागतो, आणि दुसरा वाढवायला त्याच्याकडे आयुष्य शिल्लक नव्हतं.

नेलिता कंद कुस्करत होती. वर न बघता म्हणाली, "मामा, हा सुळा मास्तरांना दे."

विरालिऊला हसू आलं. "आणि मला काय, मास्तरांचा खडू?"

"आजवर सगळ्या मास्तरांना आपण कोंबडी दिली. कोंबडी खाल्लेला माणूस बोटीत बसू शकतो. सुळा घेतलेला माणूस पुढची कोनफळं निघेपर्यंत गाव सोडू शकत नाही. ही रीत तूच मला सांगितलीस."

"रीत आपल्या माणसांसाठी आहे, पोरी."

"मग त्यांना आपलं माणूस करून टाक ना."

विरालिऊने मला मोजायचं सोडून दिलं आणि तो निघून गेला. पुढे काही दिवस तो जेवण अर्धवट टाकून उठायचा. बायको म्हणाली, ह्याला पोटात काहीतरी होतंय. ते पोटात नव्हतं. एका सकाळी तो वडाखालच्या मोकळ्या जागेत उभा राहिला आणि त्याने गावाला सांगितलं की डुक्कर काल्तक मास्तरांचं. बायका रडल्या, कारण तो काय देतोय हे त्यांना माहीत होतं. मास्तरांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं जेवण आहे.

त्या दिवसाचं जास्त सांगत नाही, तुमच्यात लहान मुलं आहेत. मानकऱ्याने डुक्कर स्वतः सोट्याने मारायचं असतं, आणि काल्तक मास्तरांनी डासाहून मोठा प्राणी कधी मारला नव्हता. पहिला फटका जमिनीला बसला. दुसरा ताबीच्या पायाच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर पडला. ताबी म्हणजे आमच्याकडचा सगळ्यांत जुना माणूस. सगळ्या रीती त्याच्या डोक्यात, आणि दुसऱ्या कशालाच तिथे जागा नाही. तो म्हणाला, "मास्तर, डुकराला मारायचंय, मला पुरायचं नंतर बघू." तिसऱ्या वेळी माझ्या डुकराने आपणहून डोकं पुढे केलं असं मी आजही सांगतो. एवढी वर्षं भरवून घेतलेलं, सभ्य जनावर होतं ते.

मग मला धुवून, दोरीत ओवून मास्तरांच्या गळ्यात बांधलं. वाटलं, आता जगाच्या उरावर बसलो. गावाने रात्रभर नाच केला. बोट आली आणि मास्तरांना न घेता गेली. नेलिता किनाऱ्यावर उभी राहून बोटीला वाकुल्या दाखवत होती.

आमच्या हातून किती मोठी चूक झाली, हे सोमवारी शाळा भरली तेव्हा समजलं.

पुऱ्या वेढ्याचं डुक्कर मारून मास्तर सगळ्यांत वरच्या पायरीवर चढले होते, आणि ह्या पायरीच्या माणसापेक्षा उंच कुणी उभं राहायचं नाही. त्याच्यासमोरून जाताना वाकून जायचं. त्याच्याआधी बोलायचं नाही. आणि त्याला प्रश्न करायचा नाही, कधीच नाही. कारण प्रश्न करणं म्हणजे त्याने सांगायचं काहीतरी राहून गेलं असं सुचवणं. हे लोलवाऱ्यात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. काल्तक मास्तर वर्गात शिरले तर सगळी मुलं कमरेत वाकलेली. त्यांनी बसा म्हटलं, मुलं बसली. ते स्वतः खुर्चीत बसले, मुलं आणखी खाली सरकली. मास्तरांना ते नकोसं झालं. ते सरळ जमिनीवर येऊन बसले, तशी सगळी सहावी पोटावर आडवी झाली आणि हनुवट्या जमिनीला टेकवून लिहू लागली. दाराशी आलेल्या कुत्र्यानेही मान खाली घातली.

मास्तरांनी फळ्यावर काहीतरी लिहिलं आणि नेहमीसारखं थांबले, कुणी "कशावरून?" म्हणेल म्हणून. पावसाच्या आधी पानं गप्प होतात तसा वर्ग गप्प होता. त्यांनी मुद्दाम चूक लिहून पाहिली. मुलांनी चूक सुबक अक्षरात उतरवून घेतली.

बरं, एवढ्यावर भागलं नाही. ह्या पायरीच्या माणसाने खालच्या पायरीच्या चुलीवरचं खायचं नाही. गावात तेवढ्या पायरीचं दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे मास्तरांना स्वतःच्याच चुलीवर स्वतःच रांधणं आलं, आणि त्यांना साधा चहासुद्धा करता येत नव्हता. त्यांच्या सकाळी ओली लाकडं फुंकण्यात जायच्या. दुपारी कुणाची हद्द, कुणाचं लग्न, कुणाचं डुक्कर कुणाच्या शेतात गेलं, असे सगळे तंटे त्यांच्यापुढे, कारण मानकऱ्याशिवाय निवाडा कोण करणार. संध्याकाळी पुरुषांच्या सभाघरात बसून कावा प्यायचा, म्हणजे कुटलेल्या मुळांचा कडू, जीभ बधिर करणारा रस. मानकऱ्याला पहिली वाटी, आणि पहिली नाही म्हणता येत नाही. मास्तर दुसऱ्या दिवशी वर्गात यायचे ते बधिर जिभेने.

ते पळून जायलाही मोकळे नव्हते. माझ्यामुळे. बोट यायची आणि ते किनाऱ्यावर येऊन तिच्याकडे नुसते बघायचे.

मास्तर राहिला, मित्रांनो. शाळा गेली.

आणि मी त्या माणसाच्या छातीवर लटकून सगळं बघत होतो. चंद्राला लाजवणारा मी. मुलं माझ्याकडे बघून तोंड मिटत होती. मी मनातल्या मनात ओरडायचो, अरे विचारा, मी काही चावत नाही, माझा डुकराशी संबंध कधीच तुटला. पण सुळ्याला जीभ नसते. शेजारी असते, एवढंच.

नेलिता वाळत चालली. घरी बोलेना. परीक्षेला महिनाभर उरला होता आणि पुस्तक जिथे होतं तिथेच होतं. एका सकाळी मास्तरांनी फळ्यावर लिहिलं की सहाला अर्ध्याने भागलं तर बारा. मुलं उतरवून घेऊ लागली. नेलिता उतरवून घेत नव्हती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग ती उठली. वाकून नाही, सरळ उभी राहिली. मास्तर बसलेले, ती उभी, तिचं डोकं त्यांच्या डोक्याच्या वर. तिने प्रश्न विचारला. मास्तरांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की मला वाटलं ते आता रडतील. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी दारात बसलेल्या कुणाच्या तरी आजोबांनी काठी आपटली होती. वर्ग तिथेच मोडला.

त्याच दुपारी सारा गाव वडाखाली जमला.

ताबी बोलत होता. मुलीने पायरीच्या माणसासमोर मान वर केली आणि त्याला विचारलं. दंड, पुऱ्या वेढ्याच्या सुळ्याचं एक डुक्कर. तो भरेपर्यंत मुलगी शाळेत जाणार नाही. सगळ्यांची नजर विरालिऊकडे गेली. भाचीचा दंड मामाने भरायचा, ही आमची रीत. आणि मुखिया म्हणून दंड लावायचाही त्यानेच. त्याच्याकडे असलेलं एकुलतं एक तसलं डुक्कर त्याने स्वतःच ह्या शाळेपायी देऊन टाकलं होतं.

काल्तक मास्तर मध्येच म्हणाले की माझा काही अपमान झालेला नाही, सोडून द्या.

"तुझा कसा होईल?" ताबी म्हणाला. "तू कालचा. अपमान सुळ्याचा झालाय."

माझा. माझा अपमान झाला होता म्हणे, आणि मला कुणी विचारलं नाही. मला इतकी वर्षं झाली, मी सांगतो, त्या दिवसाइतका हताश मी कधी झालो नाही. मी जीव एकवटून तडकायचा प्रयत्न केला. उन्हात सुळे तडकतात, मी पाहिलंय. पण मला इतकं जपून वाढवलं होतं की साधी भेगसुद्धा पडेना.

ताबी दुष्ट नव्हता. त्याने वाट ठेवली होती. तो नेलिताला म्हणाला, "खाली वाक आणि म्हण की मला काही विचारायचं नव्हतं. संपलं. दंड नाही, काही नाही."

नेलिताची आई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तो हात हळूच दाबत होता, वाक, वाक म्हणत होता. नेलिता वाकली. गुडघे टेकले. तोंड उघडलं. आम्ही सगळे वाट बघत होतो, वडाची पानंसुद्धा.

"पण मला विचारायचंय, मामा," ती म्हणाली.

विरालिऊ भाचीजवळ येऊन उकिडवा बसला. मग त्याने ती गोष्ट केली जी सकाळपासून कुणालाच सुचली नव्हती. त्याने विचारलं की तिचा प्रश्न तरी काय होता.

"सहाला अर्ध्याने भागलं की बारा येतात, असं लिहिलं होतं. भागल्यावर कमी व्हायला हवं ना? मग वाढतं कसं?"

विरालिऊने ताबीकडे पाहिलं. ताबीने शेजारच्याकडे पाहिलं. मागे एक म्हातारा बोटं मोजू लागला आणि बोटं संपल्यावर पायाकडे वळला. कुणालाच येत नव्हतं. साऱ्या गावात ज्याला येत होतं, तो एक माणूस माझ्या मागे गप्प बसला होता, आणि त्याने सांगावं म्हणून विचारायला सक्त मनाई होती.

विरालिऊ उठला. मास्तरांच्या गळ्यातली दोरी त्याने स्वतःच्या हाताने सोडवली. मला तळव्यावर घेतलं, सवयीने एकदा बोटाने मोजलं. "मी वाढवला," तो म्हणाला, "मीच मोडतो." मला बदाम फोडायच्या दगडावर ठेवलं आणि दुसरा दगड उचलला.

दुखलं का, असं विचाराल. दुखलं. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी माझं ऐकलं होतं.

ताबीचा आवाज चिरका निघाला. "विरालिऊ, अरे सुळा मोडला की पायरी मोडते, घेणाऱ्याची आणि मोडणाऱ्याचीही. आता तू कोण उरलास?"

"तिचा मामा," विरालिऊ म्हणाला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

काल्तक मास्तरांनी माझे दोन्ही तुकडे उचलले. ते नेलितासमोर गुडघ्यांवर बसले, आणि ह्या वेळी ती पोटावर आडवी झाली नाही.

"एका सुळ्यात असे अर्धे किती?"

"दोन."

"सहा सुळ्यांत?"

तिचे ओठ हलत होते. मग चेहरा उजळला. "बारा. म्हणजे कमी करायचं नसतं. आत किती आहेत ते बघायचं असतं."

मी काही बरोबर मधोमध मोडलो नव्हतो. एक तुकडा चांगलाच मोठा होता. पण मास्तरांनी तो मुठीत असा धरला होता की कुणाला दिसला नाही. शिकवणाऱ्याला एवढी लबाडी माफ असते.

त्यानंतर शाळा भरली ती खरी शाळा. आता मास्तर मानकरी नव्हते, साधे मास्तर होते. मुलं ताठ बसत आणि महिन्यांचे साठलेले प्रश्न फणसाच्या गऱ्यांसारखे एकामागून एक बाहेर काढत. मास्तर कधी कधी म्हणायचे, "हे मला येत नाही, आपण शोधू." पहिल्यांदा ते असं म्हणाले तेव्हा मुलं दचकून एकमेकांकडे बघायला लागली. ताबीसुद्धा एकदा येऊन दाराबाहेर बसला. अपमान झाला का ते बघायला आलोय म्हणाला, आणि शाळा सुटेपर्यंत बसून राहिला. नेलिता दिवेलागणीपर्यंत पुस्तक सोडत नव्हती. पुस्तक तिच्यापेक्षा जाड होतं आणि दिवस पुस्तकापेक्षा पातळ होते. मोठी माणसं ज्या महिन्यांत चूक करतात, ते महिने मुलाच्या वयातून वजा होतात, आणि ते हिशोबात कुठून परत येत नाहीत.

परीक्षा झाली. नेलिता बाहेर आली ती सरळ माझ्याकडे. मास्तरांनी माझे दोन्ही तुकडे शाळेच्या खिडकीत ठेवले होते. तिने डोकं खिडकीला टेकवलं. पहिली पानं सगळी आली, म्हणाली. मागची पानं कोरी सोडली. ती कधी उघडलीच नव्हती.

निकाल बोटीवरच्या माणसाने सांगितला, तांदळाची पोती उतरवता उतरवता. लोलवाऱ्याचं कुणी नाही. मग तो पुढचं पोतं उचलायला वाकला.

त्याच बोटीने मास्तर सुट्टीला गेले. जाताना माझा एक तुकडा त्यांनी खिशात टाकला, परत येईन म्हणून. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. मला दुसरं काय करता येतं? पण मित्रांनो, मोडलेल्या सुळ्याचे तुकडे एकमेकांना ऐकू शकतात, हे मी थाप म्हणून सांगत नाही. माझा तो अर्धा अजून बंदरातच आहे. त्याच्या कानी मोटारींचे भोंगे येतात आणि मला इथे ऐकू येतात. तो हलत नाही. पावसाळा संपला, शाळा उघडायचा दिवस आला आणि गेला, आणि तो हलत नाही.

नेलिताला सहावीत एकदाच पुन्हा बसता येतं. एकदाच. पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही. ती रोज सकाळी शाळा झाडते, फळा पुसते, लहानांना बसवते आणि आठापर्यंतचे पाढे म्हणून घेते. नवाचा ती स्वतः शिकली आहे, तोही देते. पण मुलं विचारतात, आणि तिलाही विचारायचं असतं. काल सगळी गेल्यावर ती माझ्यासमोर पुस्तक उघडून बसली आणि ते मागचं पान मला दाखवून म्हणाली, "हे कसं?"

मला काय येणार? डुकराच्या तोंडात माझं अर्धं आयुष्य गेलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणीतरी शिकवायला लागेल, कुणीतरी मास्तरांना कुठे पाठवायचं हे ठरवणारं होईल. तेव्हा जिथे बोट उशिरा पोचते त्या गावांची नावं आधी घ्या, शेवटी नाही. मास्तराला नुसतं खुर्चीत बसवलं म्हणजे मुलं शिकली असं धरून चालू नका, आमची फसगत झाली ती पुरे. आणि तुम्हाला एखादा असा मास्तर मिळालाच, ज्याला हात वर करून "कशावरून?" विचारता येतं, तर आजच विचारा. इथे एक मुलगी त्यासाठी भर वर्गात ताठ उभी राहिली होती.

आज बोट यायची आहे. नेलिता सकाळपासून किनाऱ्यावर आहे. कुणी शिकवायला येणार असाल तर या. तुमच्यासाठी डुक्कर मारणार नाही, गळ्यात काही बांधणार नाही, शब्द देतो. बांधायला काही उरलंही नाही. जेवण तिची आई देईल. फक्त तिने विचारलं की सांगा. येत नसेल तर येत नाही म्हणा आणि तिच्याशेजारी बसून शोधा. पण उतरा. बोटीतून वरच्या वर हात हलवून जाऊ नका.